दिवाळीचं वजन आणि कोयता

‘दिवाळीत दोन किलो वाढलो’ ही तक्रार आपल्या बीडच्या गावांत तशी नवीच. १९७२ च्या दुष्काळात माणसं खडी फोडायला जायची, तेव्हा पोटात असायची लाल मिलोची भाकरी, नाहीतर कामावर मिळणारी सुकडी. करंजी-लाडू सणापुरते, तेही मोजून.

आणि फराळ संपायच्या आत ऊसतोड. धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, कुठलाही तालुका घ्या. मुकादमाची उचल आधीच खर्चलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. लाडवाचा डबा बैलगाडीत, आता ट्रॅक्टरमध्ये. फडात दिवसभर तोडायचं, मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची. लाडू अंगाला लागणार कधी? काहींची तर दिवाळीच कोपीत.

आपण मात्र पुण्यात खुर्चीवर. लाडू तोच, तूप जरा जास्तच! मी लाडू सोडा म्हणणार नाही. पण फराळ झाल्यावर वर पुन्हा जेवण कशाला? फराळ हेच जेवण धरा, आणि गावातली कामं गाडीला किक न मारता, चालत करा. चालताना बघा, भाऊबीज झाली की किती दारांना कुलपं लागतात ते.