डॉलरभर पगाराचा मास्तर

मंडळी, इंदूरच्या आठवणींमध्ये आज एक परदेशी माणूस घेऊन आलोय. शेवटी गाडी चिमणबागेतच येणार आहे, तेवढा धीर धरा.

1983 साली मी एम.एस. करायला लॉस एंजेलिसला गेलो. युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया, तिकडे सगळे नुसतं यू.एस.सी. म्हणतात. आवारातच बेसबॉलचं मैदान होतं, नाव डीडो फील्ड. ज्याचं नाव दिलं तो माणूस तेव्हा हयातच नव्हता, असं मी धरून चाललो होतो. आपल्याकडे तसंच असतं ना! पुढच्या वसंतात रूममेट मला सामना बघायला घेऊन गेला आणि बोट करून म्हणाला, ते बघ डीडो. सत्तरीचे, ठेंगणे, पांढऱ्या केसांचे गृहस्थ पोरांसारखाच गणवेश घालून उभे होते आणि "टायगर, टायगर" म्हणून ओरडत होते. मला वाटलं एखाद्या खेळाडूचं टोपणनाव असेल. नंतर कळलं की ते सगळ्यांनाच टायगर म्हणायचे. नावं लक्षात ठेवायची कटकट नको म्हणून, असं मुलं हसत सांगायची.

रॉड डीडो. आडनावाचं स्पेलिंग फ्रेंच, शेवटी एक्स आहे, पण त्याचा उच्चार कुणी करत नाही. जन्म 1914, न्यू ऑर्लीन्स. वाढले हॉलिवुडमध्ये, शिकले आणि खेळले याच यू.एस.सी.त. 1935 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सकडून मोठ्या लीगमध्ये उतरले आणि किती सामने खेळले? दोन. पुढच्याच वर्षी पाठीच्या मणक्याला इजा झाली आणि खेळाडू म्हणून कारकीर्द तिथेच संपली. मग पाचशे डॉलर भांडवलावर ट्रकने मालवाहतुकीचा धंदा सुरू केला. 1942 मध्ये कॉलेजचे कोच सॅम बॅरी नौदलात गेले आणि जाताना संघ आपल्या या जुन्या विद्यार्थ्याच्या हाती सोपवून गेले. बॅरी परतल्यावर दोघांनी मिळून संघ चालवला. 1948 मध्ये अंतिम फेरीत येल विद्यापीठाला हरवून पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं. त्या येलच्या संघाचा कप्तान होता जॉर्ज बुश, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थोरले बुश. 1950 मध्ये बॅरी गेले आणि त्यानंतर 1986 पर्यंत डीडो एकटेच. पंचेचाळीस मोसम, 1,332 विजय, अकरा राष्ट्रीय विजेतेपदं. त्यातली पाच लागोपाठ, 1970 ते 1974.

आकडे ऐकून मला काही विशेष वाटलं नव्हतं. अमेरिकेत सगळ्याचेच आकडे असतात. पण रूममेट सहज म्हणाला, "कॉलेज यांना वर्षाला एक डॉलर पगार देतं." तेव्हा डॉलर अकरा रुपयांच्या आसपास होता. म्हणजे वर्षाला अकरा रुपये! त्या क्षणी मला मैदानाच्या कडेला आमचे बाबा दिसले.

इथे बाबांबद्दल सांगितलं पाहिजे. बाबा कचेरीत कारकून. पाच वाजता सुटले की सायकल थेट चिमणबागेत, घरी नाही. खांब रोवायचे, चुन्याची फक्की मारायची आणि अंधार पडेपर्यंत पोरांकडून खो-खो घोटून घ्यायचा. शिट्टी स्वतःची, चुना स्वतःचा, खेळ संपल्यावर मुठीमुठीने वाटायचे फुटाणे आणि गूळही स्वतःच्या पैशाने. सव्वीस वर्षं हे चाललं. एका संस्थेने मानधन देऊ म्हणून दोनदा सांगितलं आणि दोन्ही वेळा दिलं नाही. बाबा म्हणायचे, जाऊ दे रे, अपन काय पैशासाठी करतो का. आई काही म्हणायची नाही, पण फुटाण्यांची पुडी बांधताना तिची बोटं जरा जास्तच जोरात चालायची.

मी उत्साहाने घरी एरोग्राम पाठवला. बघा बाबा, इथेसुद्धा तुमच्यासारखाच एक माणूस आहे, आणि त्याच्या नावाचं मैदान आहे! सोबत 1973 ची गोष्ट लिहिली, कारण तिकडे ती लहान पोरालाही पाठ असायची. ओमाहाला उपांत्य सामना, समोर मिनेसोटा. त्यांचा चेंडूफेक्या डेव्ह विनफील्ड, साडेसहा फूट उंच. आठ डावांत त्याने यू.एस.सी.ला फक्त एक फटका मारू दिला आणि पंधरा जणांना बाद केलं. धावफलक 7-0. बेसबॉलमध्ये नऊ डाव असतात, म्हणजे शेवटचा एकच उरलेला आणि त्यात तीन गडी बाद झाले की खेळ खलास. त्या शेवटच्या डावात डीडोंच्या पोरांनी आठ धावा काढल्या. 8-7. नंतर अंतिम सामनाही जिंकला.

बाबांचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. विनफील्डबद्दल एक अक्षर नाही. त्यांनी विचारलं होतं, "जी मुलं संघात घेण्याइतकी चांगली नसतात, त्यांचं ते काय करतात?" मास्तर माणसाचा प्रश्न. आणि खाली, उरलेल्या कोपऱ्यात, आईच्या अक्षरात एकच ओळ, "मग त्यांचं घर कशावर चालतं?"

बाबांच्या प्रश्नाचं थोडंफार उत्तर मला पुढे मिळालं. टॉम सीव्हर नावाचा मुलगा फ्रेझ्नोहून आला, तेव्हा डीडोंनी त्याला लगेच शिष्यवृत्ती दिली नाही. आधी उन्हाळाभर अलास्काच्या संघात खेळून दाखव म्हणाले. तो दाखवून आला आणि पुढे अमेरिकेतल्या सर्वोत्तम पिचरांपैकी एक झाला. मी असताना मार्क मॅग्वायर खेळत होता. तो पिचर म्हणून आला आणि फटकेबाज होऊन गेला. आणि एक काठीसारखा उंच डावखुरा पोरगा, रँडी जॉन्सन, ज्याचा चेंडू कुठे जाईल हे त्यालाही ठाऊक नसायचं. एवढं सगळं असूनही 1978 नंतर डीडोंना एकही विजेतेपद मिळालं नाही, हेही सांगायला हवं. 1984 च्या ऑलिंपिकमध्ये प्रदर्शनीय खेळ म्हणून बेसबॉल होता, अमेरिकेचे कोच डीडो. अंतिम सामना त्यांच्याच गावात, डॉजर स्टेडियमवर, आणि जपानने 6-3 हरवलं. गंमत म्हणजे जपान आणि अमेरिकेच्या कॉलेज संघांमध्ये सामने सुरू व्हावेत म्हणून खटपट केलेल्यांत हेच पुढे होते.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मात्र सोपं होतं आणि ते मला आधीच माहीत होतं. ट्रक. पाचशे डॉलरचा धंदा मोठा झाला होता, घर त्यावर चालायचं. हे लिहून पाठवलं, तर आईचा शेरा आला, "असं होय. मग ठीक आहे."

तेव्हा मला तिचा राग आला होता. आज नाही येत. डीडोंच्या एका डॉलरचं सगळीकडे कौतुक होतं, आणि ते व्हायलाही हवं, धंदा सांभाळून रोज मैदानावर उभं राहणं सोपं नाही. पण त्या डॉलरच्या मागे ट्रकचा ताफा उभा होता. बाबांच्या फुटाण्यांमागे आई उभी होती, दुपारी शेजारपाजारच्या ब्लाउजांची शिलाई घेऊन. सव्वीस वर्षं चिमणबागेतला खो-खो बाबा फुकट शिकवत होते असं आम्ही अभिमानाने सांगत आलो. फुकट नव्हता तो. आईने पैसे भरले होते.

डीडो 1986 मध्ये निवृत्त झाले, 2006 च्या जानेवारीत ग्लेनडेलला गेले, एक्क्याण्णव वर्षांचे होऊन. बाबा 1996 मध्येच गेले. आईनंतर घर आवरताना बाबांची निळी वही सापडली. मला वाटलं डावपेच असतील. होता तो कॅनव्हासच्या बुटांचा हिशेब, कुणाला कितीचे घेऊन दिले त्याचा. वसुलीचा रकाना कोरा. आणि नावं बहुतेक अर्धीच, "बाळ्या", "जेल रोडचा", "रामबाग धाकटा". बाबांना प्रत्येकाचं नाव, गल्ली, बापाची नोकरी सगळं तोंडपाठ, मग पूर्ण लिहायची गरज काय? सगळ्यांना टायगर म्हणणाऱ्या माणसाच्या प्रत्येक पोराचं नाव आज छापील नोंदीत मिळतं, कोणत्या वर्षी किती फटके मारले त्यासकट. आमच्याकडे "रामबाग धाकटा".

म्हणून हे लिहिलं. 1958 ते 1984 दरम्यान संध्याकाळी चिमणबागेत खो-खो खेळलेलं कुणी, किंवा कुणाचे काका, मामा, वडील असतील, तर पूर्ण नाव आणि वर्ष कळवा. वहीत एकूण त्र्याहत्तर नोंदी आहेत. आजवर अकरा लागल्या. रामबागेच्या धाकट्याला सहा नंबरचा बूट लागायचा, एवढीच त्याची खूण आहे.