साठ दिवसांचं घड्याळ

हेडफोन लावलेत ना? चला मग, आज थेट १८ मार्च १९६९ ला जाऊ.

अमेरिकेचं युद्ध चालू होतं व्हिएतनाममध्ये. पण त्या दिवशी तिच्या बी-५२ विमानांनी बॉम्ब टाकले ते शेजारच्या कंबोडियात, एका तटस्थ देशात. सीमेलगत उत्तर व्हिएतनामी सैन्याचे तळ होते, हे खरं. पण राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी हे हल्ले स्वतःच्या देशापासूनच लपवले. बॉम्ब पडायचे कंबोडियात आणि कागदावर लिहिलं जायचं दक्षिण व्हिएतनाम! चौदा महिने हे असंच चाललं. पुढे हल्ले उघडपणे होऊ लागले, पण थांबले नाहीत.

आता म्हणाल, राष्ट्राध्यक्षाला कोण अडवणार? तर राज्यघटना. युद्ध जाहीर करायचा अधिकार काँग्रेसचा. आपल्याकडचा पक्ष नव्हे हं, तिथली संसद! राष्ट्राध्यक्ष सरसेनापती खरा, पण घटनाकारांचा हिशोब सरळ होता: अचानक हल्ला झाला तर त्यानं तो परतवावा, युद्धात उतरायचं की नाही हे मात्र एकट्यानं ठरवू नये.

१९७३ च्या उन्हाळ्यात हवाई दलातल्या एका माजी मेजरनं सिनेटसमोर त्या खोट्या नोंदींची कहाणी सांगितली. त्याच सुमारास काँग्रेसनं ठरवलं, १५ ऑगस्टनंतर या बॉम्बफेकीला एक डॉलरही नाही. मुदत संपायला नऊ दिवस उरले असताना एका विमानानं चुकून नेआक लुआंग या गावावरच बॉम्ब टाकले. शंभराहून जास्त माणसं गेली. आणि १५ ऑगस्टला विमानं थांबली.

त्याच वर्षी, ७ नोव्हेंबरला, निक्सन यांचा नकाराधिकार धुडकावून काँग्रेसनं युद्ध-अधिकार ठराव मंजूर केला. सैन्य लढाईत उतरवलं की ४८ तासांत कळवा. ६० दिवसांत परवानगी मिळाली नाही तर थांबा, माघारीसाठी फार तर आणखी ३० दिवस.

मग प्रश्न सुटला? छे! २०११ मध्ये लिबियावर हल्ले सुरू झाले, साठ दिवस उलटले, परवानगी नव्हतीच. ओबामा सरकार म्हणालं, कायद्याला अभिप्रेत असलेली ही ‘लढाई’च नाही, आपलं सैन्य जमिनीवर नाही, धोका मर्यादित आहे. हल्ले ऑक्टोबरअखेरपर्यंत चालले.

म्हणजे बघा, घड्याळ भिंतीवर आहे, पण ‘ते अजून सुरूच झालं नाही’ असं राष्ट्राध्यक्ष म्हणू शकतो. कंबोडियात बॉम्ब थांबले, कारण काँग्रेसनं तिजोरीला कुलूप लावलं होतं. किल्ली आजही तिच्याकडेच आहे. पुढच्या वेळी अमेरिकेच्या हल्ल्याचं नोटिफिकेशन आलं, की एवढंच बघा: ती किल्ली कुणी खिशातून काढतंय का?

भेटू पुढच्या भागात!