पाण्याच्या राखणींतला इतिहास

स्कॉटलंडमधील नेस सरोवराचें नांव निघालें कीं तेथील त्या कधींच न सांपडलेल्या जलचराची आठवण सर्वांस होते. परंतु त्याच सरोवराच्या नैर्ऋत्य टोकाला, फोर्ट ऑगस्टस गांवानजीक, एक लहानसें बेट आहे. त्याची हकीकत मात्र दंतकथा नव्हे. या चेरी बेटाचा कर्ता निसर्ग नसून माणूस आहे. उथळ पाण्यांत ओंडक्यांची व दगडांची रास घालून तीवर घर बांधण्याची चाल स्कॉटलंडांत व आयर्लंडांत फार प्राचीन काळापासून होती. अशा बेटास ‘क्रॅनॉग’ म्हणतात. लुईस बेटावरील कांहीं क्रॅनॉग पांच हजार वर्षांहूनहि जुने असल्याचें २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें आहे.

नेस सरोवराच्या पाण्याची उंची पूर्वीं इतकी नव्हती. टेलफर्डनें आंखलेला कॅलिडोनियन कालवा १८२२ सालीं खुला झाला. त्याच्या बांधणीमुळें पाणी कांहीं फूट चढलें, आणि चेरी बेटाचा बराच भाग बुडाला. १९०८ सालीं फोर्ट ऑगस्टस येथील मठांतील ओडो ब्लंडेल या धर्मोपदेशकानें पाणबुड्याचा पोशाख चढवून स्वतः तळाशीं जाऊन पाहणी केली. दगडांच्या राशीखालीं त्यास मोठमोठे ओंडके आढळले, आणि बेट मानवनिर्मित असल्याबद्दल शंका उरली नाहीं.

लांकूड इतकीं शतकें टिकतें कसें? पाण्याखालच्या गाळांत प्राणवायु जवळजवळ पोंचत नाहीं. म्हणून कुजविणाऱ्या बुरशीचें व जंतूंचें तेथें फारसें चालत नाहीं. टे सरोवरांतील ओकबँक येथें निकोलस डिक्सन यांनीं उत्खनन केलें, तेव्हां सुमारें अडीच हजार वर्षांपूर्वींचें एक लांकडी भांडें मिळालें, आणि त्यास लोण्याचा अंश चिकटलेला होता! राजांच्या लढाया शिलालेखांतून कळतात. परंतु एखाद्या अनाम गृहिणीनें काढलेलें लोणी जपून ठेवण्याचें काम पाण्यावांचून कोण करणार?

आतां या कथेची दुसरी बाजू पाहूं. ही संपत्ति बहुधा पाणी ओसरल्यानेंच दृष्टीस पडली. १८५३-५४ च्या हिंवाळ्यांत स्वित्झर्लंडांतील झूरिक सरोवराचें पाणी फार खालीं गेलें, आणि उघड्या पडलेल्या खांबांवरून फर्डिनंड केलर यांनीं प्राचीन सरोवर-वस्त्यांचा शोध लावला. १८६३ सालीं नैर्ऋत्य स्कॉटलंडांतील डाउल्टन सरोवर शेतीसाठीं कोरडें केलें, तेव्हां तेथेंहि अनेक क्रॅनॉग प्रकट झाले. पण जें पाणी ओसरून रहस्य उघडें करतें, तेंच जातां जातां त्याचें संरक्षणहि काढून घेतें. भिजलेलें लांकूड वाळूं लागलें म्हणजे आकसतें, तडकतें आणि शेवटीं त्याचा भुगा होतो.

म्हणूनच २०२३ सालच्या उन्हाळ्याच्या आरंभीं अवर्षणामुळें नेस सरोवर असामान्य रीतीनें खालावलें, ही गोष्ट चिंतेची होती. त्यांत विजेच्या प्रश्नाची भर आहे. फॉयर्स येथील केंद्र १९७५ पासून मागणी कमी असतां सरोवराचें पाणी वरच्या तलावांत चढवितें व मागणी वाढतांच तें सोडून वीज निर्माण करतें. अशाच आणखी योजना पुढें आल्या असून त्यांपैकीं एकीस २०२१ सालीं परवानगी मिळाली. निर्धूर विजेची गरज कोणीहि नाकारणार नाहीं. परंतु पाणी वारंवार चढूं-उतरूं लागलें तर काठाजवळचें लांकूड आळीपाळीनें भिजेल व वाळेल, आणि लाटा दगडांखालची माती धुऊन नेतील.

टे सरोवरावर उभारलेली क्रॅनॉगची प्रतिकृति २०२१ च्या जूनमध्यें आगींत भस्म झाली. तशी दुसरी उभारतां येते, कारण ती कशी असावी हें मूळ अवशेषांनीं शिकविलें आहे. ते अवशेषच भुगा झाले तर शिकविणारें कोण उरेल? तेव्हां पाण्याची पातळी बदलणारी प्रत्येक योजना हातीं घेण्यापूर्वीं तळाची बारकाईनें मोजणी व नोंद व्हावी, एवढीच अपेक्षा आहे. विजेचा हिशेब दरवर्षीं नव्यानें मांडतां येतो. पाण्याखालचा हा दप्तरखाना मात्र एकदांच वाचतां येतो.