कंदील कुणाच्या वाटणीचा

कराडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ साली ओगल्यांचा काचकारखाना उभा राहिला. तिथला ‘प्रभाकर’ कंदील पुढे गावोगाव खुंटीला लटकू लागला. याच ओगल्यांसाठी, शिवाय किर्लोस्कर आणि कूपर या कारखानदारांसाठी भाऊराव पाटील फिरतीवर माल विकायचे. त्या फिरतीत शाळेविना राहिलेली पोरं त्यांनी पाहिली आणि १९१९ मध्ये कराडजवळच्याच काले गावी रयत शिक्षण संस्था काढली. मी पुढं मास्तरीण झाले, तेव्हा ही गोष्ट वर्गात दरवर्षी रंगवून सांगायची. घरातल्या कंदिलाची गोष्ट मात्र कुठल्याच धड्यात नव्हती.

कंदिलाची काच पुसणं हे मुलींचं काम. आमचे हात लहान, काचेत सहज जायचे. चुलीतली चाळलेली राख फडक्यावर घ्यायची, आतून काजळी काढायची, वर तोंडाची वाफ सोडून पुन्हा पुसायची. वात कात्रीनं सरळ कापायची, नाहीतर ज्योत एका अंगानं चढते आणि काच तडकते. तडकली की पाठीत धपाटा ठरलेला. एवढं करून कंदील आधी गोठ्यात धारेला जायचा, मग आजोबांच्या जेवणाला, मग भावाच्या वहीपाशी. चुलीपाशी आम्हाला चिमणी. नाकपुड्या काळ्या व्हायच्या तिनं. त्यातही वात जरा वर सारली की आजी आतून ओरडायची, “बारीक कर गं बाय, घासलेट काय फुकट येतंय व्हय?” तिचंही खरं होतं, घासलेट रेशनवर मोजून मिळायचं.

साताऱ्यात भाऊरावांनी १९२४ मध्ये वसतिगृह काढलं. तिथं सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसायची, कामं आपली आपण करायची आणि शिकायचीही. घरकाम आणि अभ्यास एकत्र चालतात हे तिथं दिसलंच होतं. घरोघरी मात्र मुलीच्या बाबतीत एक आलं की दुसरं सुटायचं.

डिझेल इंजिनाची गिरणी आली तेव्हा वाटलं, आता पहाट मोकळी झाली. तोवर जात्याच्या खुंट्याला आईच्या हाताखाली माझा हात असायचा. जातं कोपऱ्यात गेलं खरं, पण त्या वेळात शेण-झाडलोट आणि नदीच्या खेपा येऊन बसल्या. वर दळणाचा डबा डोक्यावर घेऊन गिरणीच्या रांगेत उभं राहणंही माझ्याच वाट्याला. शाळेची घंटा कितीदा त्या इंजिनाच्या फटफटाटात विरली असेल.

वीज आली तीही आधी सोप्यात. बल्बखाली पुरुषमाणसं पान खात बसायची, भाऊ तिथंच पुस्तक उघडायचा आणि गप्पा ऐकायचा. स्वयंपाकघरात तार ओढायला पैसे नव्हते. पण भावाला कंदील लागेनासा झाला, म्हणून तो अखेर आमच्याकडं आत आला. माझा मॅट्रिकचा सगळा अभ्यास त्याच्यावर झाला. घासलेटाबद्दलही मग कुणी फारसं बोललं नाही, कारण सोप्यातल्या बल्बचं बिल त्याहून जास्त येत होतं.