दक्षिणा, बक्षीस आणि एक नाकारलेले नाटक

१/ इ.स. १८५५. पुण्यातील अठ्ठावीस वर्षांचा एक शाळाचालक आपले नाटक सरकारी पारितोषिकासाठी समितीकडे पाठवतो. समिती ते नाकारते. नाटक 'तृतीय रत्न', लेखक जोतीराव फुले. बक्षिसाने सर्जनशीलता फुलते की वाकते, हा प्रश्न जुना आहे. त्याचे एक उत्तर या नकारामागच्या इतिहासात सापडते.

२/ या बक्षिसाचे मूळ पेशवाईतील श्रावणमासच्या दक्षिणेत आहे. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी ही प्रथा सुरू केली. १७३१ मध्ये डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडले आणि पुढे पहिल्या बाजीरावाने ती पुण्यात आणली. विद्वानांची परीक्षा होई. इतर ब्राह्मणांना पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात दक्षिणा वाटली जाई.

३/ गौरव कशाचा होत होता, हे पाहण्यासारखे आहे. वेद, न्याय, व्याकरण, धर्मशास्त्र यांतील संपादित विद्येचा. नवी रचना करावी अशी अपेक्षा नव्हती. पात्रता जन्माने ठरे आणि कसोटी परंपरेने. विद्या टिकवणे हा या व्यवस्थेचा हेतू होता व तो तिने चोख साधला.

४/ १८१८ मध्ये पेशवाई संपली. एल्फिन्स्टनने दक्षिणा एकदम बंद केली नाही. तिला कात्री लावली आणि त्यातील काही रकमेतून १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली. दान हळूहळू शिक्षणाकडे वळू लागले.

५/ १८४९ च्या सुमारास लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सरकारकडे अर्ज केला : या निधीतील काही वाटा मराठी ग्रंथांना द्यावा. पुण्यात गहजब झाला. अर्जदारांच्या संरक्षणासाठी फुले आपली माणसे घेऊन उभे राहिले. १८५१ मध्ये 'दक्षिणा प्राइझ कमिटी' अस्तित्वात आली.

६/ या समितीचे श्रेय नाकारता येणार नाही. त्या काळी मराठी पुस्तकाला वाचक थोडे आणि छपाईचा खर्च मोठा. बक्षिसाच्या आधारावर संस्कृत नाटकांची भाषांतरे झाली, उपयुक्त ज्ञानाची पुस्तके निघाली. मराठी गद्याचा हात त्यातूनच वळत गेला. पैसा नसता तर यातील बरीच पुस्तके निघालीच नसती.

७/ परंतु बक्षीस आले की परीक्षक आले. इथे परीक्षक होते इंग्रज अधिकारी आणि जुन्या विद्येत वाढलेले पंडित. त्यांना काय रुचेल हे लेखकाला लेखणी उचलण्यापूर्वीच ठाऊक असे. भाषांतर आणि बोधपर ग्रंथ हा सुरक्षित मार्ग होता.

८/ 'तृतीय रत्न' त्या मार्गाने गेले नाही. गरोदर कुणबी स्त्रीला ग्रहांची भीती घालून तिच्या घरादाराला लुबाडणारा जोशी, मधूनमधून टोचणारा विदूषक आणि शेवटी रात्रीच्या शाळेत जायला निघालेले नवराबायको. समितीतील ब्राह्मण सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन गृहस्थांचे काही चालले नाही, असे फुल्यांनी पुढे 'गुलामगिरी'त नोंदवले आहे. ज्या निधीसाठी ते पाठीराखे म्हणून उभे राहिले होते, त्यानेच त्यांना दार लावले.

९/ आता क्षणभर अमेरिकेत जाऊ. १९७३ मध्ये लेपर, ग्रीन आणि निस्बेट यांनी स्टॅनफर्डच्या बालवाडीतील ५१ मुलांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. ही सारी चित्रे काढण्याची आवड असलेली मुले. काहींना आधीच सांगितले : चित्र काढा, प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अनपेक्षितपणे दिले, काहींना दिलेच नाही. पुढे मोकळ्या वेळेत पहिल्या गटातील मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रांकडे वळली. अनपेक्षित बक्षिसाने मात्र आवड घटली नाही.

१०/ म्हणजे आवडीला बाधा आली ती 'हे कर, म्हणजे ते मिळेल' या कराराने. लहान मूल अशा वेळी खेळ सोडून देते. प्रौढ लेखक लेखन सोडत नाही, पण विषय बदलतो, असे मला दक्षिणा प्राइझच्या इतिहासावरून वाटते. विषयबदलाची ही किंमत अधिक मोठी, कारण ती कुठल्याच हिशेबात दिसत नाही.

११/ फुल्यांनी विषय बदलला नाही. मधली वर्षे शाळांच्या कामात गेली आणि १८६९ मध्ये 'ब्राह्मणांचे कसब' त्यांनी स्वखर्चाने छापले. १८७३ मध्ये 'गुलामगिरी' आली. रोखठोक बोलीची ही पुस्तके कोणत्याही परीक्षकाकडे डोळा ठेवून लिहिलेली नाहीत.

१२/ म्हणून 'खऱ्या लेखकाला बक्षिसाची गरज नसते' असे म्हणून मोकळे होता येईल का? नाही. फुल्यांना पुढे स्वतःच्या खर्चाने छापण्याची ऐपत होती. ती किती जणांना असेल? आणि 'तृतीय रत्न' त्यांनाही बाजूला ठेवावे लागले. ते छापून आले १९७९ मध्ये, १२४ वर्षांनी. आतल्या ऊर्मीने नाटक लिहिले गेले, पण तिच्याने ते छापले गेले नाही.

१३/ पारितोषिकप्राप्त ग्रंथांच्या याद्या आपण वाङ्मयाचा इतिहास म्हणून वाचतो. त्या वाचताना परत पाठवलेल्या हस्तलिखितांची यादीही मागावी. एकाचे नाव आपल्याला कळले, कारण त्याच्या लेखकाने नकाराची हकीकत स्वतःच छापून ठेवली.