पाडव्याआधीचे सात दिवस

२३ जानेवारी २०२०, पहाटे २ वाजता. करोनामुळे सकाळी १० पासून शहर बंद होणार, असे चीनमधल्या वुहानमध्ये जाहीर झाले. लोकांच्या हाती आठ तास होते.

३० जानेवारीला जागतिक आरोग्य संघटनेने आंतरराष्ट्रीय आणीबाणी घोषित केली. पालघर जिल्ह्यात बोईसरजवळ तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत तीन पाळ्या सुरू होत्या. तिथे औषधांचा कच्चा माल, रसायने, कापड आणि पोलाद तयार होते. औषधांसाठी भारत जो कच्चा माल आयात करतो, त्यातला सुमारे दोन तृतीयांश चीनमधून येतो. ३ मार्चला केंद्र सरकारने पॅरासिटामॉलसह औषधे आणि त्यांचा कच्चा माल अशा एकूण २६ वस्तूंच्या निर्यातीवर निर्बंध घातले. माल कमी पडेल, हे सरकारने टाळेबंदीच्या तीन आठवडे आधी ओळखले आणि तसा कागद काढला. मजुरीबद्दलचा पहिला कागद १७ दिवसांनी निघाला आणि तो फक्त सल्ला होता.

बुधवार, १८ मार्च, दुपार. मुंबईहून निघालेल्या गरीब रथ एक्स्प्रेसमध्ये चार प्रवाशांच्या हातावर गृह विलगीकरणाचे शिक्के सहप्रवाशांना दिसले. चौघे जर्मनीहून आले होते आणि सुरतला निघाले होते. तिकीट तपासनीसाला कळवल्यावर गाडी पालघर स्थानकात थांबवून त्यांना उतरवण्यात आले. राज्यातला पहिला करोना मृत्यू आदल्या दिवशी मुंबईच्या कस्तुरबा रुग्णालयात झाला होता. साथरोग कायदा १३ मार्चलाच लागू झाला होता. पालघर-बोईसरचा बाजार नेहमीसारखा उघडा होता. पाडवा आठवड्यावर आला होता.

गुरुवार, १९ मार्च, रात्री ८. पंतप्रधानांचे भाषण झाले. रविवारी सकाळी ७ ते रात्री ९ जनता कर्फ्यू. साठेबाजी करू नका, दूध-धान्य-औषधे कमी पडणार नाहीत, कर्मचाऱ्यांचा पगार कापू नका, ही आवाहनेही त्यात होती. लोकांनी मात्र एकच हिशेब केला: आज एक दिवस बंद, उद्या जास्त दिवस.

शुक्रवार, २० मार्च. मुंबई महानगर प्रदेश, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथली जीवनावश्यक सोडून सर्व दुकाने आणि कार्यालये मध्यरात्रीपासून ३१ मार्चपर्यंत बंद राहतील, असे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी जाहीर केले. त्याच दिवशी केंद्रीय श्रम मंत्रालयाने मालकांना लिहिले की कामगार काढू नका, वेतन कापू नका. त्यात ठेकेदारी कामगारांचा खास उल्लेख होता. पत्राला कायद्याचे बळ नव्हते.

ज्याची गुढी उभी राहते त्या घराची पाडव्याची खरेदी ठरलेली असते: साखरेच्या गाठी, नवे कापड, जमले तर गुंजभर सोने. कापडवाल्याचा आणि सोनाराचा सगळा माल या आठवड्यासाठी भरलेला असतो, बराचसा उधारीवर. तो माल आता जीवनावश्यक राहिला नव्हता.

शनिवार, २१ मार्च. सॅनिटायझरच्या २०० मिलीलीटर बाटलीची कमाल किंमत १०० रुपये, दोन पदरी मास्क ८ रुपये, तीन पदरी १० रुपये. केंद्राने दर ठरवून दिले.

या तारखेवर थोडे थांबायला हवे. वेतन अदायगी कायदा, १९३६ प्रमाणे हजारापेक्षा कमी कामगार असलेल्या कारखान्याला महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यावा लागे, मोठ्या कारखान्याला १० तारखेपर्यंत. म्हणजे २१ मार्चला तारापूरच्या कामगाराचा फेब्रुवारीचा पगार भाडे, गावी पाठवलेले पैसे आणि किराणा यांत गेलेला होता. मार्चचे तीन आठवडे राबून झाले होते, पण ते पैसे एप्रिलच्या ७ तारखेआधी मागण्याचा हक्क त्याला नव्हता. ठेकेदाराकडे रोजावर असणाऱ्याला तर ७ तारखेचाही भरवसा नव्हता. तिसरा आठवडा हा उधारीच्या वहीचा काळ असतो. किराणा दुकानदार वहीत लिहून तांदूळ-तेल देतो, पगार झाला की वही फिटते आणि त्याच पैशातून दुकानदार वितरकाचे बिल भागवतो. महिन्यातल्या ज्या दिवसांत घरात सर्वात कमी रोकड असते, नेमक्या त्याच दिवसांत सारे बंद होत होते.

रविवार, २२ मार्च, सकाळी ७. जनता कर्फ्यू सुरू झाला. रेल्वेने देशातल्या सर्व प्रवासी गाड्या ३१ मार्चपर्यंत रद्द केल्या. उपनगरी गाड्या मध्यरात्रीपर्यंत धावतील, त्याही मोजक्या.

संध्याकाळी ५. गॅलऱ्यांतून आणि चाळींतून टाळ्या, थाळ्या, घंटा वाजल्या.

रात्री १२. विरार-डहाणू मार्ग थांबला. वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड: या आठ स्थानकांवरून १६ एप्रिल २०१३ पासून लोकल जात होती. पहाटेच्या गाड्यांनी इथली भाजी, दूध आणि फुले मुंबईकडे जातात आणि त्याच रुळांवरून कामगार बोईसरला येतात. शेतातली भाजी सोमवारी पहाटे तोडणीला तयारच होती. ती न्यायला गाडी नव्हती. ही लोकल १५ जूनला पुन्हा सुरू झाली ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्यांसाठी, आणि सर्वसामान्य प्रवाशाला ठरावीक वेळांत चढायला मिळाले १ फेब्रुवारी २०२१ रोजी.

सोमवार, २३ मार्च, पहाटे ५. राज्याच्या नागरी भागांत जमावबंदी लागू झाली. संध्याकाळपर्यंत मुख्यमंत्र्यांनी राज्यभर संचारबंदी जाहीर केली आणि जिल्ह्यांच्या सीमा बंद केल्या.

पालघर जिल्हा ठाण्यातून वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ रोजी. बाजाराला ती रेघ कधी जाणवली नव्हती. बोईसरच्या दुकानांतला पुष्कळसा माल येतो भिवंडीची गोदामे आणि वाशीचा घाऊक बाजार इथून, आणि दोन्ही ठाणे जिल्ह्यात आहेत. मनोरहून किंवा चिल्हार फाट्यावरून टेम्पो आत वळतो आणि दुकानापुढे उभा राहतो. आता त्या टेम्पोला सीमेवर कागद दाखवावा लागणार होता. धान्य जीवनावश्यक होते, पण रिकामा परतणारा टेम्पो, गोदामातला हमाल आणि चालकाला जेवू घालणारा ढाबा यांचे काय, हे नाक्यावरच्या शिपायाला कुणी सांगितले नव्हते.

मंगळवार, २४ मार्च, सकाळ. अमावास्या. घरी जायला रेल्वे नव्हती, जिल्हा ओलांडायला रस्ता नव्हता. बोईसरच्या चाळींत एका खोलीत चार-सहा जण पाळीपाळीने झोपतात. एक पाळी कामावर असते म्हणून ती खोली पुरते.

रात्री ८ ला पंतप्रधान पुन्हा बोलणार, अशी सूचना आली.

रात्री ८. आज रात्री १२ पासून संपूर्ण देश २१ दिवस बंद. घराच्या दारापुढे लक्ष्मणरेषा समजा, असे पंतप्रधान म्हणाले. आवश्यक वस्तूंचा पुरवठा चालू राहील हेही सांगितले. कोणती दुकाने, किती वेळ, कोणत्या दिवशी, ही यादी भाषणात नव्हती. ती गृह मंत्रालयाच्या पत्रकात होती. नोटाबंदीच्या वेळीही, ८ नोव्हेंबर २०१६ रोजी, भाषण रात्री ८ ला होते आणि अंमल १२ पासून. वुहानला आठ तास मिळाले होते, इथे चार.

रात्री ८.३० नंतर. भाषण संपले आणि देशभर लोक दुकानांकडे धावले. ज्यांना घरात थांबायला सांगितले होते, ते त्याच तासात एकमेकांना खेटून रांगेत उभे होते. गर्दी करू नका, घाबरू नका, सर्व आवश्यक वस्तू मिळतील, असे पंतप्रधानांना ट्विटरवरून सांगावे लागले.

गर्दीत कोण होते, याचा विचार व्हायला हवा. ज्याच्याकडे पैसे होते त्याने महिन्याचा किराणा एका रात्रीत उचलला. ज्याची वही आधीच भरली होती त्याने पाव किलो, अर्धा किलो घेतले किंवा काही घेतले नाही. दुसऱ्या दिवशी फळीवर जागा रिकामी दिसली ती पहिल्या गिऱ्हाईकामुळे. उपाशी राहण्याची पाळी आली ती दुसऱ्यावर.

रात्री ११. एरवी ही तिसऱ्या पाळीची वेळ. रसायनाच्या कारखान्यात एकदा चढवलेली बॅच मध्येच सोडता येत नाही. तापमान आणि दाब सांभाळत ती पूर्ण करावी लागते. पत्रकात अखंड प्रक्रियेच्या कारखान्यांना सवलत होती, राज्य सरकारची परवानगी घेतल्यावर. परवानगी मागायला हाताशी एक तास होता.

रात्री १२. बंद.

बुधवार, २५ मार्च. गुढीपाडवा. फ्लिपकार्टने आपली सेवा थांबवली. अॅमेझॉन फक्त आवश्यक वस्तूंच्या मागण्या घेत होते.

गुरुवार, २६ मार्च. अर्थमंत्र्यांनी ८० कोटी लोकांसाठी दरमहा माणशी ५ किलो तांदूळ किंवा गहू आणि कुटुंबाला १ किलो डाळ जाहीर केली, तीन महिने, मोफत. ते मिळणार शिधापत्रिकेवर. बोईसरमधल्या परप्रांतीय कामगाराचे रेशन कार्ड गावी होते, जौनपूरला किंवा दरभंग्याला. धान्य देशाच्या गोदामांत भरपूर होते आणि या माणसाचा त्यात वाटाही होता, फक्त हजारापेक्षा अधिक किलोमीटर दूर.

शनिवार, २८ मार्च, पहाटे ३ च्या सुमारास. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, विरारजवळ पारोळ. सात जण चालत होते. राजस्थानातल्या घराकडे निघाले होते. गुजरातच्या सीमेवर भिलाडजवळ त्यांना अडवले गेले, म्हणून वसईकडे परतत होते. मागून आलेल्या टेम्पोने त्यांना चिरडले. चार ठार, तीन जखमी.

रविवार, २९ मार्च. एकाच दिवसात केंद्राचे दोन खुलासे आले. पहिला: आवश्यक-अनावश्यक असा भेद न करता सर्व मालवाहतुकीला परवानगी. दुसरा: किराणा मालात साबण, जंतुनाशके आणि सॅनिटरी पॅडही धरावेत. हात धुवा, असे देशाला सांगितल्यावर साबण किराण्यात मोजायला आणखी पाच दिवस गेले. त्याच दिवशी मालकांनी पूर्ण वेतन द्यावे आणि घरमालकांनी एक महिना भाडे मागू नये, असा आदेश निघाला. पगाराचा आदेश आणि पगाराची तारीख यांत नऊ दिवस होते. बंद कारखान्याने तो पैसा कुठून आणायचा, हे आदेशात नव्हते.

१० एप्रिल. मासेमारीला सवलत मिळाली. पालघरजवळच्या सातपाटीच्या बोटी सतरा दिवस उभ्या होत्या.

१३ एप्रिल, सकाळ. तारापूरमध्ये सॅनिटायझर आणि हँडवॉशशी संबंधित उत्पादनाच्या कारखान्यात स्फोट झाला. जीवनावश्यक म्हणून तो सुरू होता. दोन कामगार ठार झाले.

एप्रिलअखेर. सेंटर फॉर मॉनिटरिंग इंडियन इकॉनॉमीच्या अंदाजाने देशात त्या एका महिन्यात १२.२ कोटी लोकांचे काम गेले. त्यांपैकी ९.१ कोटी छोटे विक्रेते आणि मजूर होते. फळीच्या अलीकडचे आणि पलीकडचे, दोघेही एकाच आकड्यात आले.

१४ मे. शिधापत्रिका नसलेल्या ८ कोटी स्थलांतरितांनाही माणशी ५ किलो धान्य देण्याचे केंद्राने जाहीर केले. टाळेबंदीचा तो ५१ वा दिवस होता. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटत होत्या, वसई रोडहूनही. ज्यांच्यासाठी हे धान्य होते त्यांतले पुष्कळ जण तोवर निघून गेले होते. तीन दिवसांनी वेतनाचा आदेश मागे घेण्यात आला.

पाडव्याआधीच्या सात दिवसांतल्या वर आलेल्या हुकुमांपैकी एकही मजुराच्या हातात रोख ठेवणारा नव्हता. साथ थांबवता आली नसती, पण सात दिवसांत चालू महिन्याची मजुरी आगाऊ देता आली असती आणि कार्डाविना धान्य वाटता आले असते. पूर्ण मजुरीचा आणि कार्डाविना धान्याचा निर्णय नंतर घेतला गेलाच, उशिरा.

१४ सप्टेंबर २०२०. टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मरण पावले, असा प्रश्न लोकसभेत विचारला गेला. केंद्रीय श्रम मंत्रालयाचे लेखी उत्तर होते: अशी माहिती ठेवलेली नाही.