1995 ची भोकं आणि आजचं कॅबिनेट

कुंभकोणमजवळच्या इन्नंबूरला शंकराचं जुनं देऊळ आहे. देवानं स्वतः येऊन राजाला देवळाचा हिशेब दाखवला, अशी तिथली कथा. त्याच गावात माझ्या मामांचा सगळा हिशेब एका पेंटियम टू मशीनमध्ये अडकला होता. दमट हवेनं कॅबिनेट गंजलं, बोर्ड मात्र ठणठणीत. मामांनी नवं कॅबिनेट आणून ठेवलं. पण त्यात जुना बोर्ड बसणार का?

बसला, आणि त्याचं श्रेय 1995 सालाला. त्याआधीचे बोर्ड आयबीएमच्या 1984 च्या 'एटी' संगणकाच्या वळणाचे. तेव्हा कॅबिनेटच्या बटणापर्यंत थेट घरची वीज यायची. बोर्डाला वीज देणारे दोन प्लग दिसायला सारखे. अदलाबदल झाली की बोर्ड गेलाच. 'काळ्या तारा मध्ये' हा मंत्र तेव्हा प्रत्येक मेकॅनिकला पाठ असे. मग इंटेलनं 'एटीएक्स' आराखडा आणला: 305 बाय 244 मिलिमीटरपर्यंतचा बोर्ड, स्क्रूच्या भोकांच्या ठरलेल्या जागा, मागे पोर्टांसाठी ठरलेली चौकट, उलटा न बसणारा एकच प्लग. कॅबिनेटवाले आजही तेच माप पाळतात.

तरी मी घाई केली असती तर फसलो असतो. एक पितळी स्टँडऑफ अशा जागी होता, जिथे बोर्डाला भोकच नव्हतं. तो खालून सोल्डरला टेकला असता, तर शॉर्टच. काढला. नव्या एसएमपीएसच्या 24 पिनांतल्या 4 सुट्या करून 20 लावल्या. समोरच्या निळ्या यूएसबीची तार मात्र लोंबतच राहिली.

मशीन सुरू झालं. बॅटरी संपल्यामुळे तारीख चुकीची होती. मामांनी आधी ती नीट केली, मग खातं उघडलं.